सूचना असल्यास इथे लिहा

ऑर्डर रात्री पावणेबाराला आली होती, पुण्याहून. एक किलो तिखट, दोन किलो तूर डाळ, अर्धा किलो जवसाची चटणी. नाव, पत्ता, पिनकोड, मोबाइल नंबर सगळं नीट भरलेलं. पैसे मात्र भरलेले नव्हते. 'ऑर्डर निश्चित झाल्यावर पेमेंट' हा पर्याय निवडलेला होता. आणि सगळ्यात खाली, 'काही सूचना असल्यास इथे लिहा' असं मीच लिहून ठेवलेल्या चौकोनात तीन वाक्यं होती. बनवणाऱ्या महिला कोणत्या समाजाच्या आहेत ते कृपया कळवावे. आमच्याकडे देवाचं असतं, सासूबाई विचारतात. गैरसमज नसावा. शेवटी जोडलेले हात.

मी फोन उलटा ठेवला. पाच मिनिटांनी परत सरळ केला. भाषा इतकी सभ्य होती की राग यायलाही जागा नव्हती. 'गैरसमज नसावा' लिहिणाऱ्या माणसाला गैरसमज होऊ शकतो हे कळत असतं, म्हणजे आपण काय विचारतोय हेही कळत असतं. तरी विचारलेलं असतं. पण त्या बाईंची खिल्ली उडवायला मी हे लिहीत नाहीये. तो चौकोन मी केला होता, त्यात कुणी काय लिहावं याचा विचार मात्र केला नव्हता. प्रश्न तिथून सुरू झाला.

मारेगाव म्हणजे वणीहून करंजीकडे जाताना लागणारं तालुक्याचं गाव. आजूबाजूला कापूस, तूर, सोयाबीन. आत रस्ता सोडून गेलं की कोलामांचे पोड. माझं इथे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पीकविमा, शिष्यवृत्ती, घरकुल, दाखले. दिवसभर मी इतरांच्या वतीने रकाने भरतो, आणि त्यातला एक रकाना जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर असतो: जात. तो भरताना मला कधी काही वाटलेलं नाही. प्रमाणपत्राचा क्रमांक टाकायचा, स्कॅन जोडायचं, पुढचा माणूस.

बचत गटाच्या बाया माझ्याकडे आल्या त्या फॉर्म भरायला नाही, फॉर्म बनवून घ्यायला. वस्तू बऱ्या होत्या, तालुक्यात आणि वणीच्या बाजारात खपत होत्या, पण पुण्या-मुंबईला गेलेली इकडची पोरं व्हॉट्सअ‍ॅपवर मागायची आणि त्यात घोळ व्हायचा. कुणी 'दोन पाठवा' म्हणायचं, पाव किलोची दोन की अर्ध्याची ते नंतर कळायचं. कुणी पैसे टाकून पत्ताच पाठवायचं नाही. तेव्हा एक पान हवं होतं, जिथे माणूस वस्तू निवडेल, हवी तशी बदलून मागेल, पत्ता देईल आणि पैसे भरेल. मी म्हटलं, होऊन जाईल. यूट्यूबवर चार व्हिडिओ पाहिले, एक तयार साचा घेतला आणि बसलो.

पहिला धडा जवसाच्या चटणीने शिकवला. मी उत्साहात तिखटपणाचे तीन प्रकार ठेवले, लसूण असलेली आणि नसलेली असे दोन, वजनाचे तीन. पान सुंदर दिसत होतं. गटाच्या अध्यक्ष काकूंना दाखवलं तर त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाल्या, "अठरा डबे कुठं ठेवाचे, बापा? आन् एका डब्याची ऑर्डर आली तं कढई त्याच्यासाठी येगळी घासाची का?" तोपर्यंत मला वाटत होतं की पर्याय देणं फुकट असतं. स्क्रीनवर ते फुकटच असतं. पण प्रत्येक पर्यायाच्या मागे कुणीतरी वाकायला तयार असावं लागतं. ग्राहकाला 'माझ्या मनासारखं' मिळतं तेव्हा दुसऱ्या टोकाला कुणाची तरी दुपार जाते. शेवटी चार प्रकार राहिले: लसूण, बिनलसूण, पाव, अर्धा. तिखटपणाबद्दल काकूंचं मत स्पष्ट होतं: ज्याला सोसत नाही त्यानं तेल जास्त घ्यावं.

पत्त्याच्या रकान्याने वेगळीच गंमत केली. साच्यात फ्लॅट नंबर, इमारत, रस्ता हे सगळं अनिवार्य होतं. गटातल्या एका मावशींचं घर पोडावर आहे. त्यांच्या नावाने चाचणी ऑर्डर टाकून पाहिली तर फॉर्म पुढेच जाईना. फ्लॅट नाही, इमारत नाही, रस्ता कधीमधी असतो. मी ते तिन्ही रकाने ऐच्छिक केले, 'खूण' नावाचा एक रकाना वाढवला आणि फक्त पिनकोड अनिवार्य ठेवला. पिनकोडबद्दल जाता जाता सांगतो. १५ ऑगस्ट १९७२ ला ही सहा आकड्यांची पद्धत सुरू झाली आणि ती आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या भाषांतले पत्ते, न लागणारी अक्षरं यांच्यावर तो इलाज होता. मला हे आवडतं, कारण त्या सहा आकड्यांना पत्र कुणाचं आहे याच्याशी देणंघेणं नसतं, फक्त कुठे जायचं आहे एवढंच कळतं.

साच्यात आणखी काही वस्तू तयार आल्या होत्या. 'फक्त ३ शिल्लक' असं लाल अक्षरात, खरं असो नसो. दहा मिनिटांचं उलटं घड्याळ. आधीच टिक केलेला एक चौकोन, ज्याने बिलात वीस रुपयांचं 'गिफ्ट पॅकिंग' आपोआप चढायचं. हे मी सगळं काढलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा युक्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली आहे. खोटी घाई, कार्टमध्ये गुपचूप घुसवलेली वस्तू, 'नको' म्हणणाऱ्याला लाज आणणारी वाक्यं, सगळं त्यात आहे. आधीच टिक केलेल्या चौकोनाला संमती मानायचं नाही, हे तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतच आलं होतं. काढून टाकल्यावर मी स्वतःवर बराच खूश होतो. चेकआउटमधली नीती म्हणजे एवढीच असते, असं मला वाटत होतं: ग्राहकाला फसवायचं नाही.

आता मागे पाहताना दिसतं की यातला प्रत्येक नियम एकाच दिशेने बघतो. विकणारा लबाड असू शकतो, घेणारा भोळा असू शकतो, म्हणून घेणाऱ्याला जपायचं. ते बरोबरच आहे. मोठ्या कंपनीपुढे एकटा ग्राहक दुबळाच असतो. पण आमच्या पानावर चित्र उलटं होतं. पुण्यातल्या पगारदार घरापुढे दुबळं कोण होतं, तर चार बाया आणि एक कढई. त्यांना कुणापासून जपायचं याची यादी कुठे नव्हती.

त्या रात्री माझ्या डोक्यात पहिलं काय आलं ते प्रामाणिकपणे सांगतो. अध्यक्ष काकूंचं आडनाव कळवावं. त्या आडनावाने पुण्याच्या सासूबाईंचं समाधान झालं असतं. त्यात खोटं काही नव्हतं. काकू अध्यक्ष आहेत, पाकिटावर त्यांचं नाव आहे, तिखट त्यांच्याच अंगणात वाळतं. फक्त जवस भाजून कुटणाऱ्या मावशी कोलाम आहेत आणि हिशेब ठेवणाऱ्या, पाकिटं भरणाऱ्या सचिव ताई बौद्ध आहेत, हे सांगायचं राहिलं असतं. पहिल्या महिन्यात आम्हाला ऑर्डरी हव्या होत्या. बँकेचा हप्ता होता. एक वाक्य पुरलं असतं.

मग मी पान उघडून वर सरकवलं आणि मला माझाच फोटो दिसला. म्हणजे मी काढलेला. पानाच्या माथ्यावर अध्यक्ष काकू आहेत, हातात तिखटाचं ताट, मागे तुळस. दोघी-तिघींचे फोटो काढले होते, पण हा लावला. उजेड चांगला होता असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं, आणि उजेड खरंच चांगला होता. पण मावशींचा फोटोही सकाळच्या उन्हातलाच होता. मला कुणी 'असा फोटो लाव' म्हटलं नव्हतं. शहरातल्या माणसाला 'घरगुती' म्हटल्यावर कुठलं घर दिसायला हवं, हे मला न सांगता ठाऊक होतं. म्हणजे पुण्याच्या बाईंनी जे विचारलं त्याचं उत्तर मी पानावर आधीच देऊन ठेवलं होतं. त्यांनी फक्त खात्री करून घ्यायचं ठरवलं.

अर्थशास्त्रात यासाठी एक शब्द आहे आणि तो चटणीच्या संदर्भात जरा जास्तच चपखल बसतो. गॅरी बेकर यांनी १९५७ साली भेदभावाच्या अर्थशास्त्रावर पुस्तक लिहिलं, त्यात भेदभावाला त्यांनी 'चव' म्हटलं. काही लोकांना विशिष्ट लोकांपासून दूर राहण्याची चव असते आणि त्यासाठी ते किंमत मोजायला तयार असतात. महाग घेतील, कमी मजुरीवर राबतील, चांगला माल सोडतील. बेकर यांची आशा अशी की बाजार खुला असेल तर ही चव महाग पडत जाते आणि हळूहळू मागे पडते. माझ्या दुकानातून पाहताना ही आशा मला पटत नाही, कारण ही चव पुरवणं दुकानदाराला स्वस्त पडतं. एक वाक्य, एक आडनाव, एक फोटो. ऑनलाइन तर आणखी स्वस्त.

रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी पसंतीचे दोन प्रकार केले आहेत आणि त्या रात्री मला ते जास्त कामाचे वाटले. एक पसंती माझ्या स्वतःच्या वाट्याबद्दल असते: मला लसूण नको, मला तिखट कमी हवं. दुसरी इतरांना काय मिळावं, ते कुठे असावेत याबद्दल असते: अमक्याने हे करू नये, तमक्याने इथे येऊ नये. त्यांचं म्हणणं असं की सगळ्यांच्या पसंतीची बेरीज करून निर्णय घ्यायचा असेल तर दुसऱ्या प्रकारची पसंती त्या बेरजेत धरू नये. नाहीतर ज्याच्याबद्दल लोकांचं मत वाईट आहे तो मोजणीतच हरतो. 'बिनलसूण' पहिल्या खात्यात. जैन घरातून आलेली असो की श्रावणामुळे असो, ती चटणीबद्दलची सूचना आहे आणि आम्ही ती आनंदाने पुरवतो. 'कोणत्या समाजाच्या' दुसऱ्या खात्यात. ती चटणीबद्दल नाहीच, हाताबद्दल आहे.

पण हे इतकं स्वच्छ नाही, हे मला तेव्हाच कळत होतं. त्या बाई म्हणू शकतात, माझी पसंती माझ्या ताटाबद्दलच आहे. मी कुणाला काही करू नका म्हणत नाही, फक्त माझ्या देवघरात काय यावं ते ठरवते. आणि स्वयंपाकघर त्यांचं आहे. तिथे काय शिजावं हे मी ठरवणारा कोण? शिवाय हाताची चव वगैरे कौतुक आपणच करतो. 'आईच्या हातचं' म्हणून आपणच विकतो. हात मोजायचाच नसेल तर ते तरी का म्हणायचं?

मला वाटतं, इथे दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. त्या बाईंनी काय घ्यावं, कुणाकडून घ्यावं हा त्यांचा अधिकार आहे. मनातली नावड कुठल्या कायद्याच्या कलमात बसवणार? संविधानाच्या पंधराव्या कलमाने दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, पाणवठे जातीवरून कुणाला बंद करता येत नाहीत असं सांगितलं, ते दाराशी उभ्या असलेल्या माणसासाठी. दारापर्यंत येऊन परत फिरणाऱ्या गिऱ्हाइकाचं काय करायचं ते त्यात नाही, आणि नसावंच. पण दुसरा प्रश्न माझा आहे: त्यांची नावड चालावी म्हणून मी रकाना बनवून द्यायचा का? माणसाला सहन करणं वेगळं आणि त्याच्यासाठी सोय करणं वेगळं.

हा फरक मोठ्या कंपन्यांनाही पडलेला आहे. २०१९ च्या जुलैअखेर जबलपूरच्या एका ग्राहकाने जेवण घेऊन येणारा माणूस हिंदू नाही म्हणून झोमॅटोची ऑर्डर रद्द केली. कंपनीने माणूस बदलून दिला नाही आणि अन्नाला धर्म नसतो अशा अर्थाचं उत्तर जाहीरपणे दिलं. त्याच कंपनीने मार्च २०२४ मध्ये शाकाहारी ग्राहकांसाठी हिरव्या गणवेशातली वेगळी माणसं जाहीर केली. टीका झाली आणि दुसऱ्याच दिवशी वेगळा गणवेश मागे घेतला. पहिल्या वेळी ग्राहकाच्या पसंतीसाठी रकाना नव्हता आणि बनवला गेला नाही. दुसऱ्या वेळी बनवला, कदाचित चांगल्या हेतूने, आणि मग लक्षात आलं की हिरवा डगला घातलेला कोण आणि लाल घातलेला कोण हे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमनही वाचणार आहे. अमेरिकेत १९७१ मध्ये पॅन अ‍ॅम या विमान कंपनीने कोर्टात सांगितलं होतं की प्रवाशांना सेवेला बायकाच आवडतात म्हणून आम्ही पुरुष घेत नाही. अपिलाच्या कोर्टाने ते मानलं नाही. ग्राहकांना आवडतं हे भेदभावाचं कारण होऊ शकत नाही, कारण भेदभाव मोडायचा कायदा मुळात त्या आवडीविरुद्धच तर केलेला असतो.

आपल्याकडे मात्र उदाहरणासाठी इतकं लांब जायला नको. २०१७ साली पुण्यातच एका शास्त्रज्ञ बाईंनी, स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईंनी जात लपवली आणि सोवळं मोडलं म्हणून पोलिसांत तक्रार केली होती. पुढे ती मागे घेतली गेली. त्या वेळी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर सगळे हसले होते, मीही. आता तसलाच प्रश्न माझ्या पानावर जोडलेल्या हातांसह आला होता आणि हसू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मोबाइल घेऊन काकूंच्या अंगणात गेलो. खरं तर सचिव ताई आणि मावशी नसताना काकूंना एकटं गाठायचा विचार होता. ताई आधीच बसलेल्या होत्या. मी सूचना वाचून दाखवली. कुणी काही बोललं नाही. मावशींनी जवस पाखडायचं थांबवलं नाही.

काकू म्हणाल्या, "लिहून दे माहं नाव. खोटं तं नाही."

ताई हिशेबाच्या वहीत बघत म्हणाल्या, "मंग माहं कायले नाही? पाकिटं तं मीच भरते."

"अवं, तसं नाही," काकू म्हणाल्या. "ऑर्डर जाईन."

"जाऊ द्या. नाही तं सगळ्याइचे नावं लिहा. मंग जाईन तं जाईन."

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, ताई, माझ्या दुकानात तुम्ही मुलाच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरता तेव्हा जात लिहितोच ना आपण. म्हणताना मला हा मुद्दा हुशारीचा वाटला होता.

ताईंनी वही मिटली. "तिथं लिहाचं तं आपल्या हक्कासाठी. इथं कायच्यासाठी?"

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. रकाना तोच, शब्द तोच. एका ठिकाणी शतकांची बाकी वसूल करायला विचारलेला असतो, दुसऱ्या ठिकाणी ती बाकी चालू ठेवायला. माहिती जशी असते तशीच असते, तिचं पुढे काय होणार यावर ती मागणं योग्य की अयोग्य ते ठरतं. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता छापणं कायद्याने बंधनकारक आहे. अन्नसुरक्षेचा चौदा आकडी नोंदणी क्रमांकही. तोही 'कोणी बनवलं' याचाच जाब आहे. पण तो यासाठी की कुणाचं पोट बिघडलं तर कुणाला धरायचं ते कळावं. ग्राहकाला माहितीचा हक्क आहेच. २०१९ च्या कायद्यात तो हक्क शब्दांत मांडला आहे: दर्जा, प्रमाण, क्षमता, शुद्धता, मानक, किंमत. त्या यादीतल्या 'शुद्धता' या शब्दावर मी बराच वेळ अडकलो होतो. कायद्याला अपेक्षित शुद्धता म्हणजे तिखटात विटेची भुकटी नसणं. सासूबाईंना अपेक्षित शुद्धता वेगळी. शब्द मात्र एकच, आणि जाहिरातीत आपण तो दोन्ही अर्थांनी वापरतो. 'शुद्ध, घरगुती, सात्त्विक' लिहिताना नेमका कुठला अर्थ विकतो आहोत हे आपल्यालाही सांगता येणार नाही. मी ते तिन्ही शब्द पानावरून काढले.

उत्तर काय पाठवायचं यावर अर्धा तास गेला. 'आम्ही समाज विचारत नाही आणि सांगत नाही' असं वाक्य मी सुचवलं, कारण मला ते बाणेदार वाटलं. काकूंना ते भांडण वाटलं. ताईंनाही नको होतं, पण वेगळ्या कारणाने. त्या म्हणाल्या, तिला शिकवायला आपण बसलो नाही, चटणी विकायला बसलो. शेवटी गेलं ते असं: साहित्य, बनवल्याची तारीख, नोंदणी क्रमांक, गटाचा पत्ता, आणि 'पदार्थाबद्दल आणखी काही विचारायचं असल्यास जरूर विचारा.' विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. हे प्रामाणिक होतं का, यावर मी नंतर विचार केला. मला वाटतं, न सांगणं आणि फसवणं यात अंतर आहे, पण माथ्यावर तुळशीचा तो फोटो असेपर्यंत ते अंतर आम्हाला मिळत नव्हतं. म्हणून त्याच दुपारी फोटो उतरवला. चौकोनावरची ओळही बदलली: 'पदार्थाबद्दल काही सूचना असल्यास इथे लिहा.' एक शब्द वाढला. त्याने कुणाला थांबवता येत नाही, मला ठाऊक आहे.

हे इथेच संपलं असतं तर मी कदाचित लिहिलंही नसतं. आठवड्याने मुंबईहून दुसरी ऑर्डर आली. त्याच चौकोनात एका तरुण मुलाने लिहिलं होतं की, चटणी आदिवासी महिलांनी बनवलेली असेल तरच हवी, शक्य असल्यास त्यांचा फोटो आणि थोडी माहिती पाठवावी, तो आपल्या पेजवर टाकेल, आणि दर जास्त असला तरी चालेल.

ड्वॉर्किनच्या हिशेबाने हीसुद्धा दुसऱ्या खात्यातलीच पसंती. ती चांगुलपणाची आहे म्हणून तो तिला मोजणीत घेत नाही. इथे मी त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही. कोल्हापूरची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. त्यांना शाहू महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली. भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' निघालं, पण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा मागवू लागले, आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही तो प्यावा लागे. महाराजांची पसंतीही हात बघूनच होती. चहा दुसरीकडे जास्त चांगला मिळत असेल कदाचित. 'पसंती फक्त पदार्थाबद्दल असावी' असा कडक नियम केला तर शाहू महाराजांची ऑर्डरही रद्द करावी लागेल.

तर मग पुण्याच्या बाई आणि मुंबईचा मुलगा यांत फरक कुठे? एक दूर ढकलतो, दुसरा जवळ ओढतो, एवढं सांगून मला भागत नव्हतं. चंद्रभान प्रसाद यांनी २०१६ मध्ये दिल्लीहून 'दलित फूड्स' नावाने लोणचं-मसाले ऑनलाइन विकायला काढले, तेव्हा त्यांनी जातीचं नाव स्वतःच ब्रँडवर घातलं. हे घ्याल का, असा तो उघड प्रश्न होता. विचारणारा तिथे विकणारा होता. गंगाराम कांबळे यांनीही हॉटेल आपल्या नावाने चालवलं, लपवून नाही. मुंबईच्या मुलाचा हेतू मला कितीही आवडला तरी तो फोटो मागत होता, आणि मागितल्यावर दिलेला फोटो म्हणजे पुन्हा उत्तरच झालं. प्रश्न त्याचाच राहिला.

हा सगळा विचार घेऊन मी मावशींकडे गेलो. त्यांना मोबाइलवरची ओळ वाचून दाखवली, फोटोचं विचारलं.

"पैसे जास्त देते म्हनते?" मावशी म्हणाल्या. "कायले? जवस जास्त टाकाचं हाय का?"

नाही म्हटलं. तसंच राहील.

"मंग तेवढेच घे." आणि फोटोचं? "माहा कायले? जवसाचा काढ."

मी जवसाचा काढला. परातीत पसरलेलं, भाजल्यावर जरा गडद झालेलं, कडेला मावशींची बोटं आली होती ती मी कापली नाहीत. तोच आता पानाच्या माथ्यावर आहे. मुंबईच्या मुलाला तोच पाठवला आणि नेहमीच्या दराने पार्सल गेलं. ताईंना तो फोटो दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे मावशी पुन्हा नाहीच दिसल्या." मी म्हटलं, त्यांनीच नको म्हटलं. ताई म्हणाल्या, "हो. पण काकूंना विचारलं होतं का, लावू का म्हणून? त्यांचा तसाच लागला होता." मी गप्प बसलो. जुना फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे, मावशींचाही. दोन्ही सकाळच्या उन्हातले.

पुण्याच्या ऑर्डरला उत्तर आलं नाही. मी ती रद्द केली नाही, यादीत तशीच ठेवली. अकराव्या दिवशी त्याच नंबरवरून नवीन ऑर्डर पडली. पैसे आधी भरलेले, सूचनेचा चौकोन रिकामा. काकू खूश झाल्या. ताईंनी वजन करायला घेतलं आणि यादी मोठ्याने वाचली. एक किलो तिखट. दोन किलो तूर डाळ.

"चटणी?" मावशींनी विचारलं.

ताईंनी यादी परत वाचली. आमच्याकडे जुन्या माणसांत एक रीत होती, अजूनही असेल. कोरडा शिधा कुणाच्याही हातून चालायचा. डाळ, पीठ, तिखट. विस्तवावरून उतरलेलं मात्र चालायचं नाही. हे अंगणात कुणी बोललं नाही. मी पत्त्याची चिठ्ठी छापून आणली, ताईंनी ती चिकटवली, आणि चारच्या आत पोहोचायचं म्हणून मी पार्सल घेऊन पोस्टात गेलो.